कॉफीच्या वाटेवरचे सीमागाव : कांपू मायोर

ओगेला गावाच्या खाली सीमेकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या कडेला, गवतात अर्धवट बुडालेला एक दगड उभा आहे. त्याच्या एका अंगावर रोमन लिपीतले ‘पी’ हे अक्षर कोरलेले आहे आणि पाठच्या अंगावर ‘ई’. ‘पी’ म्हणजे पोर्तुगाल आणि ‘ई’ म्हणजे एस्पान्या, अर्थात स्पेन. मी ‘पी’च्या बाजूने ‘ई’च्या बाजूला गेले, शंभरेक पावले चालले आणि फोन काढून पाहिला, तर घड्याळ एक तास पुढे सरकले होते. पायाखालची माती तीच होती, दोन्हीकडे अझिन्हेइराची, म्हणजे सदाहरित ओकची, तीच राखट हिरवी, बुटकी झाडे होती आणि गळ्यातल्या घंटा वाजवत चरणाऱ्या मेंढ्या कोणत्या देशाच्या आहेत हे त्यांच्याकडे पाहून कुणालाही सांगता आले नसते. असे दगड या सीमेवर ओळीने उभे आहेत. मिन्यो नदीच्या मुखापासून काया आणि ग्वादियाना या नद्यांच्या संगमापर्यंतची हद्द दोन्ही देशांनी 1864 च्या तहाने ठरवून घेतली आणि त्यानंतर ती अशा दगडांनी जमिनीवर मांडली.

मी मूळची बांद्याची. आमच्या घरापासून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि 1961 पर्यंत ती हद्द पोर्तुगालचीच होती. त्या हद्दीवरून रात्री काय काय यायचे, नाकेवाल्यांच्या नजरा चुकवून कोण कोणत्या पाणंदीने चालायचे, हे ऐकतच आम्ही भावंडे मोठी झालो. त्यामुळे लिस्बनला नोकरीनिमित्त आल्यावर, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीने आपले माहेर कांपू मायोर अगदी सीमेवर आहे आणि आजोबांच्या काळात सगळे गाव कॉफीच्या चोरट्या व्यापारावर जगत होते असे सहज सांगितले, तेव्हाच हे गाव पाहायचे मी ठरवून टाकले होते. मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी जुळून आली आणि आम्ही दोघी निघालो.

लिस्बनहून एल्वश या सीमेजवळच्या शहरापर्यंतचा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा आहे. तेजु नदी ओलांडली की आलेंतेजु सुरू होते. या नावाचा अर्थच मुळी ‘तेजुच्या पलीकडचे’ असा आहे. पोर्तुगालच्या भूमीचा जवळजवळ तिसरा हिस्सा या प्रांताने व्यापला आहे, पण माणसे फार थोडी. मैलोन्‌मैल उतरत्या चढत्या गवताळ जमिनी आणि त्यांत सुटी सुटी उभी असलेली ओकची झाडे दिसत राहतात. बुचाच्या ओकांचे बुंधे माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत सोललेले, ताज्या विटेसारखे तांबडे असतात आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिलेला असतो. ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा तो शेवटचा अंक. त्यानंतर नऊ वर्षे त्या झाडाला हात लावायचा नाही, असा कायदा आहे. जगातल्या एकूण बुचापैकी निम्म्याच्या आसपास बूच पोर्तुगाल पुरवतो. वर्षाला एकदा नव्हे, तर दशकात एकदा पीक देणाऱ्या झाडावर विसंबून राहण्यासाठी शेतकऱ्याला किती धीर लागत असेल, हा विचार मला पुढे बराच वेळ सोडून गेला नाही.

या जमिनींच्या पसाऱ्यातच इथल्या गरिबीचे मूळ आहे. आलेंतेजुत शेकडो वर्षे मोठ्या जमीनदारीचा अंमल होता. एकेका धन्याच्या ताब्यात हजारो एकर आणि गावात राहणारे बाकी सगळे रोजंदारीवर. उन्हाळ्यात गव्हाची कापणी आणि हिवाळ्यात ऑलिव्ह झोडपून उतरवण्याचा हंगाम. या दोन हंगामांच्या मध्ये हाताला काम नसे आणि घरात धान्यही नसे. आलेंतेजुची प्रसिद्ध ‘आसोर्दा’ ही अशा दिवसांचीच पाककृती आहे. शिळ्या पावाचे तुकडे, ठेचलेला लसूण, ऑलिव्हचे तेल, भरपूर कोथिंबीर आणि त्यावर उकळते पाणी. जमले तर वर एखादे अंडे. मैत्रिणीच्या आईने पहिल्याच रात्री ती माझ्यासमोर ठेवली. लसूण आणि कोथिंबिरीचा तो वास नाकात शिरताच मी घरापासून किती दूर आहे याचा मला क्षणभर विसर पडला.

कांपू मायोर एल्वशच्या उत्तरेला अठरा-वीस किलोमीटरवर आहे आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर स्पेनचे बादाहोस हे मोठे शहर. वस्ती सुमारे आठ हजार. चुन्याने पांढरीफेक रंगवलेली एकमजली-दुमजली घरे, खिडक्यांभोवती पिवळे पट्टे, विजेच्या खांबांवर करकोच्यांची टोपल्यांएवढी घरटी आणि उंचवट्यावर किल्ला. गावात शिरताना वाऱ्याची दिशा जुळली तर भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा वास येतो. तो वास हॉटेलातल्या कपाच्या वासासारखा नसतो, तर जड आणि किंचित करपट असतो. आमच्याकडे काजूच्या कारखान्याच्या वाऱ्याला उभे राहिल्यावर येतो त्या वासाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

हे गाव मुळात पोर्तुगालचे नव्हतेच. मुसलमानी सत्तेकडून ते जिंकले गेले ते बादाहोसच्या बाजूने, आणि तेराव्या शतकात ते तिथल्या बिशपच्या अधिकारात होते. 12 सप्टेंबर 1297 रोजी पोर्तुगालचा राजा दिनिश आणि कास्तील या स्पॅनिश राज्याचा राजा फर्नांदो चौथा यांच्यात आल्कान्यीसेस इथे तह झाला आणि त्यात कांपू मायोर, ओगेला आणि ओलिवेन्सा ही गावे पोर्तुगालकडे आली. त्या तहाने आखलेली सीमा थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या सीमांपैकी एक म्हणून तिचे नाव घेतले जाते. मोठा अपवाद ओलिवेन्साचा. 1801 च्या युद्धात ते स्पेनने घेतले आणि परत दिले नाही. त्याच युद्धात कांपू मायोरही पडले होते, पण तहानंतर ते पोर्तुगालला मिळाले. तीन गावांपैकी दोन राहिली आणि एक गेले, याची बोच इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही जाणवते.

ओगेलाच्या ईशान्येला, स्पेनच्या हद्दीत, आल्बुर्केर्के नावाचे किल्ल्याचे गाव आहे. हे नाव ऐकून मी थबकलेच. 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कच्या घराण्याचे आडनाव याच गावावरून आले आहे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या पानापासून भेटणारा हा माणूस ज्या गावाचे नाव मिरवत आमच्या किनाऱ्यावर उतरला, ते गाव मी उभी होते तिथून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर होते.

सीमेवरच्या गावाला किल्ला हे संरक्षण असते तसेच संकटही असते, हे कांपू मायोरइतके क्वचितच कुठल्या गावाने भोगले असेल. दिनिश राजाने बांधलेल्या किल्ल्याला पुढे, सतराव्या शतकात स्पेनपासून स्वतंत्र होण्याच्या युद्धात, तोफांच्या माऱ्याला तोंड देणारे टोकदार बुरूज आणि रुंद तट जोडले गेले. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला ही बांधणी लगेच ओळखू येते. बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले तेच बुरूज आणि त्यांच्यामधला तोच सरळ तट. 1712 मध्ये स्पॅनिश सैन्याने गावाला महिनाभर वेढा घातला, पण गाव हटले नाही. शत्रूला जे जमले नाही ते वीस वर्षांनी आकाशातून झाले. 16 सप्टेंबर 1732 च्या पहाटे वादळात किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्यावर वीज पडली. त्या मनोऱ्यातच दारूगोळ्याचे कोठार होते. स्फोटाने किल्ल्याचा मोठा भाग आणि गावातली शेकडो घरे एका क्षणात उडाली आणि झोपेतली माणसे झोपेतच गेली. आमच्याकडे चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती त्यानंतर सात वर्षांनी, 1739 मध्ये.

त्या पहाटेची आठवण गावाने विलक्षण रीतीने जपली आहे. मुख्य चर्चला लागून एक लहानशी खोली आहे. तिच्या भिंती आणि छत माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेले आहेत. ही अस्थींची कपेला, म्हणजे छोटे प्रार्थनास्थळ, 1766 मधली आहे आणि स्फोटात गेलेल्यांच्या अस्थी तिथे आहेत. एव्हरा शहरातली अशीच कपेला जगप्रसिद्ध आहे आणि तिथे रांग लागते. इथे मात्र आम्ही दोघीच होतो. मी भिंतीपाशी उभी राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांच्या पातळीवर एक कवटी आली, तळहातात मावेल एवढी. ती लहान मुलाची होती. तिच्या कपाळावर गिलाव्याचा एक पांढरा ठिपका सुकून राहिला होता आणि तो ठिपका लावणाऱ्या गवंड्याच्या घरचे कुणी त्या भिंतीत असेल का, असे माझ्या मनात आले. मैत्रीण म्हणाली, “लहानपणी आई आम्हाला इथे आणायची आणि म्हणायची, घाबरायचं नाही, ही सगळी आपल्या गल्लीतलीच माणसं आहेत.”

1811 मध्ये नेपोलियनच्या फौजेने पुन्हा वेढा घातला. मोडक्या तटांमागून मूठभर शिबंदीने काही दिवस झुंज दिली, मग गाव पडले आणि चारच दिवसांनी, 25 मार्चला, इंग्रज-पोर्तुगीज सैन्याने ते सोडवले. त्याबद्दल गावाला ‘एकनिष्ठ आणि शूर’ ही पदवी मिळाली. ती नगरपालिकेच्या चिन्हावर आजही आहे.

यानंतरच्या काळात सीमेवर तोफा वाजल्या नाहीत, पण सीमा जास्त जाचक झाली. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही आणि शेजारी स्पेनमध्ये फ्रँको. स्पेनच्या यादवी युद्धात 14 ऑगस्ट 1936 रोजी फ्रँकोच्या फौजा बादाहोसमध्ये शिरल्या आणि तिथल्या बैलझुंजीच्या मैदानात कैद्यांची कत्तल झाली. मारियो नेवेश या तरुण पोर्तुगीज पत्रकाराने ते पाहून लिस्बनच्या वृत्तपत्राला कळवले. जगाला ही बातमी ज्यांच्यामुळे कळली त्यांतला तो एक. जीव वाचवण्यासाठी शेकडो स्पॅनिश कुटुंबे काया ओलांडून कांपू मायोर आणि एल्वशच्या बाजूला आली. इथल्या शेतमजुरांनी काहींना गोठ्यांत आणि झोपड्यांत लपवले, तर काहींना सालाझारच्या पोलिसांनी पकडून पुन्हा सीमेपलीकडे, मरणाच्या तोंडी दिले. मैत्रिणीच्या आईने हे सांगताना आवाज खाली आणला होता, आणि तोही स्वतःच्या घरात, सगळी दारे बंद असताना. ही गोष्ट त्यांना त्यांच्या आईने अशाच आवाजात सांगितली असावी.

कॉफीचा व्यापार वाढला तो याच उद्ध्वस्त स्पेनमुळे. यादवी युद्धानंतर स्पेनमध्ये अन्नधान्यावर शिधावाटप आले आणि ते 1952 पर्यंत चालले. कॉफी मिळेनाशी झाली. लोक भाजलेले जव आणि चिकोरी उकळून पिऊ लागले. पोर्तुगालकडे मात्र आंगोलाची वसाहत होती आणि आंगोला त्या काळी जगातल्या मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी एक होता. म्हणजे सीमेच्या एका बाजूला कॉफी भरपूर आणि स्वस्त, दुसऱ्या बाजूला ती दुर्मीळ आणि महाग, आणि मध्ये रात्री उडी मारून ओलांडता येईल असा ओढा. कॉफी विकत घेणे आणि भाजणे हा गुन्हा नव्हता. गुन्हा फक्त ती दगडाच्या पलीकडे नेण्यात होता. त्यामुळे कांपू मायोरमध्ये भाजणीची दुकाने राजरोस निघाली आणि या एवढ्याशा गावाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त कॉफी इथे भाजली जाऊ लागली.

गावच्या चौकातल्या कॅफेत मला नव्वदीला टेकलेले एक आजोबा भेटले. मैत्रिणीच्या आजोबांचे ते मित्र. सोळाव्या वर्षापासून ते कॉफीची ओझी वाहत होते. मैत्रीण त्यांचे बोलणे मला समजावून सांगत होती, पण त्यांच्या हातांना दुभाष्याची गरज नव्हती. पोत्याला दोन दोरांचे फास कसे घालायचे, ते खांद्यावरून कसे घ्यायचे आणि पळायची वेळ आली तर एकाच झटक्याने ओझे पाठीवरून कसे सोडायचे, हे त्यांनी रिकाम्या हातांनी करून दाखवले. ओझे पंचवीस-तीस किलोचे. आठ-दहा जण एका ओळीत, एकमेकांत काही पावलांचे अंतर ठेवून चालत. सर्वांत पुढचा माणूस रिकामा असे; वाट त्याला पाठ असे आणि धोका दिसला तर इशारा त्याने करायचा. पायांत दोरीच्या तळाच्या चपला, कारण चामड्याच्या बुटांचा आवाज होतो. बोलणे नाही, विडी नाही. अमावास्येच्या रात्री चांगल्या, पावसाच्या रात्री त्याहून चांगल्या, कारण तेव्हा पहारेकरी आडोशाला बसतात. इकडे ग्वार्दा फिशकाल हे पोर्तुगालचे जकात पहारेकरी, तिकडे ग्वार्दिया सिव्हिल हे स्पेनचे पोलीस, आणि दोघांकडेही बंदुका. भाजलेल्या कॉफीचा वास लपत नाही, तेव्हा वारा कुठून वाहतो हे पाहून वाट बदलावी लागे.

“भीती वाटायची का?” मी विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सावकाश उत्तर दिले, “पोरी, भीती वाटायची ती रिकाम्या हाताने घरी जायची.” एका खेपेला मिळायचे ते कापणीच्या आठवडाभराच्या मजुरीहून जास्त असे, हेही त्यांनी सांगितले. बायकाही हे काम करीत. दिवसाढवळ्या नातेवाइकांना भेटायला जातो असे सांगून झग्यांच्या आत शिवलेल्या खिशांतून दोन-चार किलो कॉफी पलीकडे न्यायची आणि येताना कॉर्डरॉयचे कापड, चपला, पोरांसाठी गोळ्या आणायच्या.

हे ऐकताना मला बांद्याच्या ओटीवर बसल्यासारखे वाटत होते. आमच्याकडे माल वेगळा होता. पोर्तुगीज गोव्यात परदेशी वस्तू स्वस्त, इकडे आयातीवर बंधने. म्हणून सोने, घड्याळे, सिगारेटी, नायलॉनचे कापड रात्री हद्द ओलांडून येई. पण दोरांचे फास, बिनआवाजाच्या चपला, पुढे चालणारा रिकामा माणूस, हे सगळे आजोबांनी मला जवळजवळ याच शब्दांत सांगितले होते. आजही गोव्यात दारूवरचा कर कमी आणि आमच्याकडे जास्त, म्हणून इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. सरकार दोन्हीकडे एकच झाले तरी भावातला फरक उरला, आणि जिथे भावात फरक असतो तिथे वाट पडतेच. गावातल्या माणसाला सीमा नकाशावरून कळत नाही, ती भावावरून कळते.

रुई नाबेइरो यांचा जन्म याच गावात 28 मार्च 1931 रोजी एका गरीब घरात झाला. वडील लवकर गेले आणि कोवळ्या वयातच त्यांच्यावर कुटुंबाच्या ‘कामेलो’ नावाच्या कॉफी भाजणीच्या धंद्याची जबाबदारी आली. त्या धंद्याचे गिऱ्हाईक मुख्यतः सीमेपलीकडचे होते, आणि माल कसा जात होता हे गावात सर्वांना ठाऊक होते. 1961 मध्ये त्यांनी स्वतःची ‘डेल्टा’ ही कंपनी सुरू केली. पन्नास चौरस मीटरचे एक गोदाम आणि तीस किलोच्या भाजणीचे दोन गोळे एवढ्या भांडवलावर. गावातल्या कॉफी विज्ञान केंद्रात तसा जुना भाजणीचा गोळा पाहायला मिळतो. लोखंडाचा, फुटबॉलच्या तिप्पट-चौपट आकाराचा, आडव्या दांड्यावर बसवलेला आणि हाताने फिरवायचा. मी दांड्याला हात लावला तर तो अनेक वर्षांच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झालेला होता.

1961 हे साल इथे आणि आमच्याकडे किती वेगवेगळ्या अर्थांनी महत्त्वाचे आहे! त्या वर्षी मार्चमध्ये उत्तर आंगोलातल्या कॉफीच्या मळ्यांच्या प्रदेशात वसाहतवाद्यांविरुद्ध मोठा उठाव झाला आणि तेरा वर्षांचे युद्ध पेटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगालचे साम्राज्य दोन्ही टोकांनी उसवत होते आणि मधल्या या खेड्यात, त्याच साम्राज्याच्या कॉफीवर, एक नवा धंदा उभा राहत होता. ज्या कॉफीने कांपू मायोरच्या मजुरांच्या घरी चूल पेटली, ती आंगोलात सक्तीच्या मजुरीवर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या हातांनी तोडलेली होती. विज्ञान केंद्रातून बाहेर पडताना मी हे मैत्रिणीला म्हटले. ती म्हणाली, “आमच्या घरात आंगोला हा शब्द फक्त पोत्यांवर वाचलेला. दुसरा कुणी कधी बोलला नाही.”

25 एप्रिल 1974 च्या क्रांतीने हुकूमशाही गेली, 1975 मध्ये आंगोला स्वतंत्र झाला. 1 जानेवारी 1986 ला पोर्तुगाल आणि स्पेन एकाच दिवशी युरोपीय समुदायात आले आणि 26 मार्च 1995 पासून शेंगेन करारामुळे सीमेवरची तपासणी बंद झाली. चोरट्या वाटेवर जगणाऱ्या गावाचा आधार खरे तर इथेच तुटायला हवा होता, आणि या सीमेवरच्या अनेक गावांचे तसेच झाले. जकातनाके ओस पडले, त्यांच्या आधाराने चालणारी खाणावळी-दुकाने गेली, तरुण लिस्बनला किंवा फ्रान्सला गेले. ओगेला हे त्याचे जवळचे उदाहरण. किल्ल्याच्या आत आज मोजकीच घरे नांदती आहेत. मी गेले त्या दुपारी एक कुत्रा आणि वाळत घातलेल्या दोन चादरी सोडून वस्तीची खूण दिसली नाही.

कांपू मायोरचे तसे झाले नाही, कारण सीमा उघडण्याच्या आधीच इथल्या धंद्याने आपले तोंड देशाच्या आतल्या बाजूला वळवले होते. नाबेइरोंनी गावोगावच्या कॅफेवाल्यांशी स्वतः जाऊन संबंध जोडले. ‘गिऱ्हाईक म्हणजे मित्र’ या अर्थाचे त्यांचे बोधवाक्य आजही कंपनी वापरते. पोर्तुगालमध्ये कॅफे हे गल्लीगल्लीतले बसण्याचे ठिकाण आहे आणि जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या कॅफेच्या दारावर डेल्टाचा त्रिकोण दिसतो. कंपनी देशात पहिल्या क्रमांकाची झाली, समूहात हजारो माणसे कामाला लागली, पण भाजणीचा मुख्य कारखाना बंदराजवळ गेला नाही. कच्ची कॉफी समुद्रमार्गे येते, दोनशे किलोमीटर आत या खेड्यापर्यंत ट्रकने आणली जाते, भाजली जाते आणि पुन्हा देशभर जाते. हिशेबाच्या वहीत हे बसते की नाही ते मला सांगता येणार नाही, पण या एका निर्णयाने आठ हजार वस्तीचे गाव राहिले, हे गावात दोन दिवस फिरले तरी कळते.

नाबेइरो गावचे नगराध्यक्षही होते. त्यांच्या पाठबळावर इथला फुटबॉल संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळला आणि 1999 मध्ये पोर्तुगाल चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. गावाबाहेर द्राक्षमळ्यांमध्ये त्यांनी मद्यशाळा बांधली, ती आल्वारो सिझा या थोर वास्तुविशारदाकडून. 2007 मध्ये ती सुरू झाली. पांढरी, लांबट, माळावर चुन्याचा दगड ठेवावा तशी. त्यांच्या पत्नीच्या नावाने मुलांसाठी शिक्षणकेंद्र आहे. 19 मार्च 2023 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले तेव्हा अंत्यदर्शनाला देशभरातून हजारो लोक या खेड्यात आले. गावात त्यांचा पुतळा ते हयात असतानाच उभा राहिला होता.

असे एका माणसावर आणि एका कंपनीवर उभे असलेले गाव पाहून मला आनंद झाला तसा घोरही लागला. मैत्रिणीचे दोन भाऊ, एक वहिनी आणि एक मामा त्याच कंपनीत आहेत. मोटारींचे रबरी भाग बनवणारा कारखाना आहे, नगरपालिका आहे, शेती आहे. पण जेवणाच्या टेबलावर कुणीही ‘कामाला’ म्हटले की ते कॉफीच्याच कारखान्याबद्दल बोलत असतात. मैत्रिणीच्या आईंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, “आधी सगळे जमीनदारावर अवलंबून होते. तो लिस्बनला राहायचा, आम्हाला ओळखतही नव्हता. हा ओळखत होता.” या उत्तरापुढे माझ्याकडे बोलायला काही उरले नाही.

शेतीही बदलली आहे. काया नदीवर 1967 मध्ये धरण झाले आणि एल्वश-कांपू मायोरच्या कोरडवाहू जमिनीला पाणी मिळाले. जिथे गहू होता तिथे टोमॅटो आणि मका आला. आता तर जुन्या, ऐसपैस अंतरावर लावलेल्या ऑलिव्हच्या जागी नव्या पद्धतीच्या, द्राक्षबागेसारख्या दाट ओळी आल्या आहेत आणि त्यांच्यावरून यंत्र फिरवून फळ उतरवतात. मालक पुष्कळदा दूरचे असतात. दक्षिण आलेंतेजुत तर शेतमजुरीला नेपाळी, बांगलादेशी आणि पंजाबी तरुण मोठ्या संख्येने आले आहेत. इथली मुले ज्या कामाला कंटाळून फ्रान्सला गेली त्याच कामाला आमच्या बाजूची मुले येतात. येताना बसच्या थांब्यावर पगडी बांधलेला एक मुलगा भेटला. हिंदीत चार शब्द बोललो, तो ऑलिव्हच्या छाटणीवर होता आणि त्याला घरी फोन लावायची घाई होती.

सीमेवरची देवघेव थांबलेली नाही, फक्त ती उजेडात आली आहे. इंधनावरचा कर स्पेनमध्ये कमी, म्हणून कांपू मायोरचे लोक गाडीची टाकी बादाहोसला जाऊन भरतात. बादाहोसचे लोक रविवारी जेवायला आणि खारवलेला बाकल्याव मासा, टॉवेल, चादरी घ्यायला इकडे येतात आणि जाताना पिशवीत कॉफीचे पुडे असतातच. रविवारी दुपारी चौकात पोर्तुगीजपेक्षा स्पॅनिश जास्त ऐकू येत होती.

या गावाची एक गोष्ट मात्र बाजारात मोजता येत नाही. इथे ‘फेश्ताश दु पोवू’, म्हणजे लोकांचा उत्सव, होतो तो ठरलेल्या वर्षी होत नाही. लोकांना वाटेल तेव्हाच होतो. मधे बरीच वर्षेही जातात. 2015 साली तो झाला होता. लोकांनी ठरवले की प्रत्येक गल्ली कित्येक महिने कागदाची फुले करते, दारे लावून, शेजारच्या गल्लीला पत्ता लागू न देता. पुरुष लाकडाचे सांगाडे करतात, बायका फुले. मग एका रात्रीत सगळे गाव फुलांनी झाकले जाते आणि सकाळी लोक पहिल्यांदा एकमेकांच्या गल्ल्या पाहायला बाहेर पडतात. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

शेवटच्या संध्याकाळी मैत्रिणीच्या आईंनी स्वयंपाकघरातल्या कपाटातून एक चपटे खोके काढले. आत लाल कागदाच्या पाकळ्या, हिरवी तार आणि एक बोथट झालेली कात्री होती. त्यांनी पाकळीची कड कात्रीच्या पात्याच्या पाठीवरून अलगद ओढली. कागद आपसूक आत वळला, खऱ्या गुलाबासारखा. अशा सात पाकळ्या तारेभोवती लावायच्या आणि खाली दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे. माझी पहिली पाकळी फाटली, दुसरी वळली. “उत्सव कधी आहे?” मी विचारले. “अजून ठरले नाही,” त्या म्हणाल्या, “पण फुले तयार असलेली बरी.” आम्ही टेबलावर साबणाचा वास येणारी चादर अंथरून काम करत बसलो होतो. मी त्यांना सांगितले की साबणाला आमच्याकडे साबणच म्हणतात, चावीला चावी, बटाट्याला बटाटा, बादलीला बादली. प्रत्येक शब्दाला त्या मान हलवून तो पोर्तुगीजमध्ये म्हणून दाखवत होत्या आणि हात चालूच होते. रात्री अकरापर्यंत खोक्यात एकवीस फुले झाली. त्यातली चार माझी होती, आणि ती त्यांनी बाजूला न ठेवता बाकीच्यांत मिसळून टाकली.